संपादक गेले, जर्नल राहिलं: शोधपत्रिकांमधल्या निरोपांचा अर्थ कसा लावायचा

पीएच.डी. करणाऱ्या कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये एक मेल येऊन पडते. "आमचे मुख्य संपादक या महिनाअखेरीस पदमुक्त होत आहेत. आपल्या पेपरवरचा निर्णय नवे संपादक घेतील. विलंबाबद्दल क्षमस्व." पेपर पाठवून सात महिने झालेले असतात. रिव्ह्यूअरांनी सांगितलेल्या दुरुस्त्या करून तो परतही पाठवलेला असतो. आता नवे संपादक सगळं पहिल्यापासून सुरू करणार की काय? गाइडना विचारावं तर ते म्हणतात, "होतं असं. वाट बघा."

कधीकधी हीच गोष्ट थेट बातमीत येते. २०२४च्या डिसेंबरात 'जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन' या मानवी उत्क्रांतीवरच्या नावाजलेल्या जर्नलच्या संपादकांनी राजीनामे दिले. मागे उरला एकच. त्याआधी, २०२३च्या एप्रिलमध्ये, मेंदूच्या प्रतिमांवर संशोधन छापणाऱ्या 'न्यूरोइमेज'चे चाळीसहून अधिक संपादक एकदमच बाहेर पडले. तरीही जर्नलं बंद पडली नाहीत. तेच नाव, तीच वेबसाइट, पेपर पाठवायचं तेच बटण. मग गेलं काय आणि राहिलं काय?

हे कळलं की वरच्या मेलचाही अर्थ लागतो आणि बातमीचाही.

आधी, ही माणसं करतात काय

संशोधक आपलं काम ज्या नियतकालिकात छापतात त्याला जर्नल म्हणतात. लेखाला सगळे पेपरच म्हणतात. पेपर आला की संपादक आधी स्वतः चाळतात. बरेचसे तिथूनच परत जातात. उरलेले त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे मतासाठी जातात. या तपासणीला पीअर रिव्ह्यू म्हणतात आणि ती करणाऱ्यांना रिव्ह्यूअर. त्यांना बहुतेक ठिकाणी एक पैसाही मिळत नाही.

जर्नलच्या पहिल्या पानावरची नावांची यादी लांबलचक असते, पण तिच्यातला प्रत्येक माणूस सारखंच काम करत नाही. मुख्य संपादक दिशा ठरवतात आणि शेवटचा शब्द त्यांचा. सहयोगी संपादक प्रत्यक्ष पेपर हाताळतात: रिव्ह्यूअर शोधायचे, होकार मिळवायचा, आठवण करायची, एकाने "छापा" आणि दुसऱ्याने "फेकून द्या" म्हटलं तर मार्ग काढायचा. संपादक मंडळावरचे काही जण मनापासून राबतात आणि काहींचं नाव केवळ वजन वाढवण्यासाठी असतं, हे त्या क्षेत्रातले सगळे जाणतात. या सगळ्यांच्या मागे, बहुधा यादीच्या तळाशी, व्यवस्थापकीय संपादक आणि भाषा तपासणारे, मांडणी करणारे लोक असतात. त्यांच्याकडे नंतर येऊ.

'नेचर', 'सायन्स', 'लॅन्सेट' अशा मोजक्या ठिकाणी संपादकपद ही पूर्णवेळ, पगारी नोकरी आहे. बाकी बहुतांश जर्नलांचे संपादक विद्यापीठात शिकवणारे प्राध्यापक असतात. स्वतःचे तास, स्वतःचे विद्यार्थी, स्वतःचं संशोधन सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते हे काम करतात. मानधन मिळालंच तर थोडकं. त्यामुळे मुदत तीन ते पाच वर्षांची, फार तर एकदा वाढवलेली, अशी पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. म्हणजे निरोप ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट. काळजी करावी असे निरोप थोडे असतात.

नाव कुणाचं?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. इंग्लंडच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे जर्नल सुरू केलं. नाव सोसायटीशी जोडलेलं असलं तरी अंक त्यांचा स्वतःचा होता. खर्चही त्यांचा आणि नफा-तोटाही त्यांचाच. परिणाम काय, तर १६७७मध्ये ते वारले आणि अंक डळमळत थोड्याच काळात थांबला. तो पुन्हा निघू लागला १६८३मध्ये. रॉयल सोसायटीने रीतसर जबाबदारी घेतली ती १७५२मध्ये. एका माणसावर उभं असलेलं जर्नल त्या माणसाबरोबर आडवं होतं, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आज चित्र उलटं आहे. जर्नलचं नाव, जुन्या पेपरांचा साठा आणि वेबसाइट यांची मालकी एखाद्या प्रकाशन कंपनीकडे किंवा विद्वत्-संस्थेकडे असते. संपादक म्हणजे त्या घरातले भाडेकरू. त्यांनी तीस वर्षं राहून घर नावारूपाला आणलेलं असतं, लोक त्यांच्याचसाठी तिथे येत असतात. पण घर सोडताना सामान नेता येतं, पत्ता नेता येत नाही. टपाल जुन्याच पत्त्यावर येत राहतं.

त्यामुळे कोणत्याही निरोपात पाहायची गोष्ट एवढीच: फक्त भाडेकरू बदलतोय, की भाडेकरू आणि मालक यांचं फाटलंय?

साधा निरोप: तुमच्या पेपरचं काय होतं

आधी शांतपणे झालेला बदल घेऊ. मुदत संपत आली की मालक संस्था नवा संपादक शोधते. बऱ्याच ठिकाणी नवे आणि जुने संपादक काही महिने बरोबर काम करतात. एका ठरलेल्या तारखेनंतर आलेले नवे पेपर नव्या चमूकडे जातात. ज्यांच्या दुरुस्त्या चालू आहेत ते जुन्यांनी हातावेगळे करावेत, अशी साधारण रीत. जे उरतं ते सोपवलं जातं. सुरुवातीला सांगितलेली मेल येते ती या उरलेल्यांना.

नवे संपादक मंजूर झालेला पेपर नाकारू शकतात का? प्रकाशन-नीतीवर काम करणारी 'कोप' नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९७पासून आहे आणि तिचा संकेत याबाबत स्पष्ट आहे: गंभीर दोष आढळल्याशिवाय नव्या संपादकांनी जुन्यांचे स्वीकृतीचे निर्णय फिरवू नयेत. आवड बदलली, धोरण बदललं, ही कारणं पुरेशी नाहीत. पेपर स्वीकारल्याचं पत्र तुमच्या हातात असेल तर निर्धास्त राहायला हरकत नाही.

"दुरुस्त्या करून पाठवा" एवढंच पत्र असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते वचन नसतं, आमंत्रण असतं. नवे संपादक पुन्हा त्याच रिव्ह्यूअरांकडे जातील, नव्यांकडे पाठवतील, की स्वतःच वाचून ठरवतील हा त्यांचा अधिकार. इथे लेखकाने एक काम अवश्य करावं. आधीच्या संपादकांनी पत्रात काय सांगितलं होतं आणि आपण ते कुठे कसं केलं, हे नव्या माणसाला पहिल्यापासून कळेल अशा रीतीने लिहून द्यावं. जुन्या माणसाच्या डोक्यात असलेला संदर्भ नव्याच्या डोक्यात नसतो. "आपल्याला माहीतच आहे" या गृहीतकावर लिहिलेलं उत्तर नव्या टेबलावर कोरडं पडतं.

उशीर होतो तो मुख्यतः इथेच. ऑनलाइन प्रणालीत पेपर, तारखा, नावं सगळं असतं. पण अमुक रिव्ह्यूअर होकार देऊन सहा महिने गप्प बसतो, तमुक दोघांचं एकमेकांशी वैर आहे म्हणून एकाचा पेपर दुसऱ्याकडे कधी पाठवू नये, आकडेशास्त्र नीट तपासणारा माणूस कोणता, ही माहिती प्रणालीत कुणी लिहून ठेवत नाही. नव्या संपादकाला ती चुका करत करत गोळा करावी लागते आणि त्या चुकांची किंमत काही लेखक महिन्यांमध्ये मोजतात.

संपादक बदलल्याने खरंच काही बदलतं का?

एक शंका नेहमी येते. तपासणी तर रिव्ह्यूअर करतात, मग वर कोण बसलंय याने काय फरक पडतो?

'नेचर'चाच इतिहास पाहा. १८६९मध्ये निघालेल्या या साप्ताहिकाला पहिल्या ७० वर्षांत दोनच संपादक मिळाले. नॉर्मन लॉकियर यांनी त्यातली ५० वर्षं खुर्ची सांभाळली आणि मग रिचर्ड ग्रेगरी १९३९पर्यंत होते. पुढे जॉन मॅडॉक्स दोनदा संपादक झाले, १९६६ ते १९७३ आणि १९८० ते १९९५. मॅडॉक्स यांच्या पहिल्या कारकिर्दीपर्यंत 'नेचर'मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांचं मत घेणं सक्तीचं नव्हतं. संपादकाला पटलं की पेपर छापून जाई. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा सुप्रसिद्ध पेपरही रिव्ह्यूअरांकडे गेला नव्हता. मॅडॉक्स यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड डेव्हिस यांच्या काळात, १९७३मध्ये, ही तपासणी नियम म्हणून लागू झाली. आज जिला आपण विज्ञानाची सनातन पद्धत समजतो, ती त्या जर्नलात एका संपादकबदलाबरोबर पक्की झाली.

लहान जर्नलांमध्ये फरक इतका ठळक दिसत नाही, पण तो असतो. पेपर कुणाकडे पाठवायचा हे संपादक ठरवतात आणि निम्मा निकाल तिथेच लागतो. नव्या प्रकारच्या प्रश्नांना जागा मिळते की नाही हेही तिथेच ठरतं. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या सर्वांत मानाच्या जर्नलाची, 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'ची, सूत्रं २०२०मध्ये १२ स्त्री-संशोधकांच्या चमूकडे देण्यात आली. बारा संपादक आले म्हणजे ओळखीची वर्तुळंही बारा आली.

फार काळ एकच माणूस असणं मला तरी धोक्याचं वाटतं. लॉकियर यांची ५० वर्षं कौतुकाची खरीच, पण ५० वर्षं एका विषयाच्या दारावर एकच माणूस उभा असेल तर दाराबाहेर कोण राहिलं याची नोंद कुणीच ठेवत नाही.

निरोपाचं संपादकीय कसं वाचावं

जाणारे संपादक शेवटच्या अंकात एक संपादकीय लिहितात. या लेखनाचा साचा ठरलेला असतो. सुरुवात "किती लवकर गेली वर्षं" अशी. मग किती पेपर आले, किती टक्के छापले, पहिल्या निर्णयाला सरासरी किती दिवस लागले. मग रिव्ह्यूअरांचे आभार. आणि शेवटी उत्तराधिकाऱ्याचं नाव व शुभेच्छा. वाचक ते ओलांडून पुढे जातात. थोडं थांबून वाचलं तर त्यातून बरंच कळतं.

उत्तराधिकाऱ्याचं नाव आहे का, हे आधी बघावं. आहे, आणि नवे संपादक पूर्वी त्याच मंडळावर होते असं दिसलं, तर घर नीट सोपवलं गेलं आहे. नाव नसेल, "लवकरच जाहीर होईल" असेल, तर पुढचे काही महिने पेपर रेंगाळण्याची शक्यता आहे. दुसरं, आभार कुणाचे मानलेत. सहकारी, रिव्ह्यूअर, लेखक, सगळ्यांचे नाव घेऊन आणि प्रकाशकाचा उल्लेखच नाही, अशी गाळलेली जागा बोलकी असते. आणि आकडे दिले असतील तर आलेल्या पेपरांच्या वाढीकडे लक्ष द्यावं. पेपर दुपटीने वाढलेत आणि सहयोगी संपादक तेवढेच आहेत, असं असेल तर संपादक का जात आहेत हे त्यांनी न लिहिताही कळतं.

संपादकीय आलंच नाही आणि यादीतून नाव गुपचूप नाहीसं झालं, तर प्रकरण बहुधा वेगळ्या प्रकारचं असतं.

मालक काढून टाकतो तेव्हा

१९९९ हे वर्ष वैद्यकीय जर्नलांच्या जगात अजून आठवलं जातं. जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या 'जामा' या जर्नलचे १७ वर्षांचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढलं. निमित्त होतं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शरीरसंबंधांच्या व्याख्येबद्दल काय वाटतं यावरचा एक पेपर. अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालू असताना तो छापला गेला आणि यात राजकारण आहे असं संघटनेला वाटलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे जेरोम कॅसिरर यांनाही जावं लागलं. जर्नलचं नाव मालक संस्थेच्या इतर उत्पादनांवर वापरण्यावरून त्यांचं मालकांशी पटत नव्हतं. २००६च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या जर्नलमधून मुख्य संपादक जॉन होई आणि त्यांच्या एका वरिष्ठ सहकारी संपादकाला हटवण्यात आलं. मग मंडळातल्या पुष्कळांनी राजीनामे दिले आणि त्यांच्यापैकी काहींनी 'ओपन मेडिसिन' हे नवं जर्नल काढलं.

"मालकाचा पैसा, मालकाचं घर, मग काढलं तर बिघडलं कुठे?" हा प्रश्न रास्त आहे, आणि कायद्याच्या भाषेत उत्तर "काही नाही" असंच असतं. पण जर्नल विकतं काय? विश्वास विकतं. औषधाचा हा प्रयोग खरा आहे, हे मत कुणाच्या दडपणाखाली दिलेलं नाही, एवढ्यासाठीच डॉक्टर ते वाचतो. छापील मजकुरावरून संपादकाची नोकरी जाते असं एकदा दिसलं की पुढच्या संपादकाने न छापलेल्या प्रत्येक पेपराबद्दल शंका राहते. म्हणूनच लुंडबर्ग प्रकरणानंतर 'जामा'च्या मालक संस्थेला संपादक आणि व्यवस्थापन यांच्यामध्ये एक देखरेख समिती नेमावी लागली. संपादकाला कोण आणि कोणत्या कारणासाठी काढू शकतं, हे कागदावर असणं ही त्या जर्नलच्या प्रकृतीची चांगली खूण आहे.

सगळेच उठून जातात तेव्हा

आता सामूहिक राजीनामे. यामागचं कारण बहुतेक वेळा पैसा असतं. त्याचं गणित थोडक्यात असं. संशोधन विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या पैशातून होतं. पेपर लिहिणारा फुकट देतो, तपासणारा फुकट तपासतो, संपादक जवळपास फुकट राबतो. मग तेच जर्नल विद्यापीठाचं ग्रंथालय वर्गणी भरून विकत घेतं. मोठ्या व्यापारी प्रकाशकांच्या नफ्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या वर जातं, ते याच रचनेमुळे.

पेपर सर्वांना मोफत वाचता यावेत, अशी मागणी वाढल्यावर रस्ता बदलला. वाचकाऐवजी लेखकाकडून पैसे घ्यायचे. याला प्रकाशन शुल्क म्हणतात. 'न्यूरोइमेज'मध्ये ते ३,४५० डॉलर होतं. ते कमी करा असं संपादकांनी सांगितलं, एल्सेव्हियर या प्रकाशकाने नकार दिला आणि मंडळ उठून गेलं. एमआयटी प्रेसकडे जाऊन त्यांनी 'इमेजिंग न्यूरोसायन्स' सुरू केलं.

शुल्काच्या या रचनेत आणखी एक मेख आहे. वर्गणी असताना कमी आणि चोख पेपर छापले तरी उत्पन्न तेवढंच राहत असे. आता प्रत्येक छापलेला पेपर म्हणजे रोख आवक. साहजिकच प्रकाशकाला जास्त पेपर हवेत आणि संपादकाचं तर कामच "नाही" म्हणण्याचं. २०२३च्या नोव्हेंबरात वायली या प्रकाशकाने 'जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसॉफी'चे संस्थापक-संपादक रॉबर्ट गुडिन यांना तीस वर्षांनंतर दूर केलं, तेव्हा चर्चेत हाच मुद्दा होता. पुढच्याच वर्षी 'पोलिटिकल फिलॉसॉफी' नावाचं, कुणाकडूनही शुल्क न घेणारं जर्नल निघालं.

ही काही नवी लाट नाही. २००१मध्ये 'मशीन लर्निंग' या जर्नलच्या ४० संपादकांनी राजीनामे देऊन मोफत ऑनलाइन जर्नलला पाठिंबा दिला, आणि ते नवं जर्नल आज त्या क्षेत्रात आघाडीवर आहे. २००३मध्ये संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी 'जर्नल ऑफ अल्गोरिदम्स'च्या मंडळाला लांबलचक पत्र लिहून पानामागे किंमत कशी वाढत गेली याचा हिशेब मांडला, आणि मंडळ बाहेर पडलं. गणितातल्या 'टोपॉलॉजी'चं मंडळ २००६मध्ये गेलं. त्यांचं नवं जर्नल चालू आहे आणि जुनं काही वर्षांतच बंद पडलं. भाषाविज्ञानातल्या 'लिंग्वा'चे सहाही संपादक आणि मंडळाचे ३१ सदस्य २०१५मध्ये गेले आणि त्यांनी 'ग्लोसा' काढलं.

'लिंग्वा' मात्र बंद पडलं नाही. प्रकाशकाने नवे संपादक नेमले आणि अंक निघत राहिले. सोडून गेलेली मंडळी त्याला 'झोंबी लिंग्वा' म्हणू लागली.

घर रिकामं, तरी टपाल का येतं?

इथे सगळ्यात गोंधळात टाकणारी गोष्ट येते, आणि नोकरी-बढतीशी थेट संबंध असल्याने ती नीट समजून घ्यायला हवी. जर्नलची पत मोजण्यासाठी इम्पॅक्ट फॅक्टर नावाचा एक आकडा वापरतात. आधीच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या पेपरांचा या वर्षी इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला, तो हा आकडा.

समजा, सगळे संपादक २०२४ संपता संपता गेले. तर २०२५चा आकडा मोजला जाईल तो २०२३ आणि २०२४मध्ये छापलेल्या पेपरांवर. म्हणजे पूर्णपणे जुन्या मंडळाने निवडलेल्या पेपरांवर. २०२६च्या आकड्यातही त्यांचा अर्धा वाटा असेल. आणि २०२५च्या सुरुवातीला छापले गेलेले बरेच पेपर त्यांनीच आधी मंजूर केलेले असतील. माणसं गेल्यावर दोन-तीन वर्षं तो आकडा जुन्यांच्या पुण्याईवर तग धरतो. उलट त्याच माणसांनी काढलेल्या नव्या जर्नलकडे सुरुवातीला आकडाच नसतो, कारण मोजायला मागची दोन वर्षं नसतात.

निवड समितीसमोर कागद येतात तेव्हा एका बाजूला जुनं नाव आणि भरघोस आकडा, दुसऱ्या बाजूला अनोळखी नाव आणि रिकामा रकाना. मग टपाल जुन्या पत्त्यावर येणारच. प्रकाशकालाही हे ठाऊक असतं; घाई त्याला नसते.

"मग तरुण संशोधकाने काय करायचं? तत्त्वासाठी नोकरी पणाला लावायची?" नाही, आणि तशी अपेक्षा करणाऱ्या कायम नोकरीतल्या प्राध्यापकांनी आधी आपले पेपर नव्या जर्नलला द्यावेत. 'मशीन लर्निंग'मधून फुटलेल्या जर्नलचा जम बसला, कारण बडी मंडळी तिकडे लिहू लागली. तरुणांनी आपल्या संस्थेत विचारून घ्यावं की मंडळाने स्थलांतर केलेलं जर्नल तिथे मान्य आहे का. काही विभागांत त्याच विषयाच्या लोकांना ही कहाणी ठाऊक असते आणि नवं नाव त्यांना जुन्याइतकंच चालतं. काही ठिकाणी यादीत नाव नाही म्हणजे नाही.

जुने पेपर बाद होतात का?

अजिबात नाही. प्रत्येक पेपरला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, तो बदलत नाही. मंडळ कुणाचंही असो, पेपर कधी आणि कुणी तपासला याची नोंद कायम राहते. पेपर लिहिताना चुकले असाल आणि दुरुस्ती छापायची असेल, तर ती विनंती आता नव्या संपादकांकडे जाते, एवढाच फरक.

जबाबदारीही अशीच पुढे चालत येते. गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा 'लॅन्सेट'मधला कुप्रसिद्ध पेपर १९९८चा, तो मागे घेतला गेला २०१०मध्ये. तिथे दोन्ही वेळा संपादक एकच होते, पण ते बदलले असते तरी "हे माझ्या काळातलं नाही" असं नव्याला म्हणता आलं नसतं. छापलेल्या मजकुराचं उत्तरदायित्व खुर्चीकडे असतं.

ज्यांना निरोपच मिळत नाही

आता यादीच्या तळाकडे. 'जर्नल ऑफ ह्यूमन इव्होल्यूशन'च्या संपादकांनी राजीनाम्याच्या निवेदनात ज्या तक्रारी मांडल्या, त्यातली सुरुवातीचीच एक शुल्काबद्दल नव्हती. भाषा आणि मजकूर तपासणाऱ्या संपादकासाठीची मदत प्रकाशकाने बंद केली, ही होती. छपाईपूर्व कामात न विचारता कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला, त्यामुळे तपासून झालेल्या पेपरांत नव्या चुका शिरल्या आणि त्या निस्तरायला महिने गेले, असंही त्यांनी लिहिलं.

माझ्या मते जर्नलमधला सगळ्यात महागात पडणारा बदल हाच आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं. मुख्य संपादक दर काही वर्षांनी बदलतात. दोन संपादकांच्या मधला धागा असतो तो व्यवस्थापकीय संपादक. वर सांगितलेली, कुठेच न लिहिलेली माहिती, म्हणजे कोण वेळ पाळतो, कोणाचं कोणाशी जमत नाही, ती बहुधा याच माणसाकडे असते. भाषा तपासणारा तक्त्यातल्या बेरजेची चूक पकडतो, आकृती तीन आणि आकृती चार यांची अदलाबदल पकडतो; रिव्ह्यूअरांच्या नजरेतून हे सुटलेलं असतं, कारण ते युक्तिवाद वाचत असतात. खर्चकपातीत पहिला घाव या जागांवर पडतो. काम बाहेरच्या कंपनीकडे जातं, संपर्कासाठी एक सामायिक मेल-पत्ता उरतो, आणि मेलखालचं नाव दर वेळी वेगळं असतं. या माणसांसाठी निरोपाचं संपादकीय कुणी लिहीत नाही. लिहिलं गेलंच तर जर्नलकडे बघण्याचा माझा दृष्टिकोन चटकन सुधारतो.

मागच्या दाराने येणारे संपादक

एक बदल कोणत्याच घोषणेत नसतो. एखाद्या विषयावर विशेषांक काढायचा तर जर्नल बाहेरचा अतिथी संपादक नेमतं. पद्धत जुनी आणि उपयुक्त आहे. पण पेपरांमागे पैसे मिळू लागल्यावर काही प्रकाशकांनी विशेषांकांचा सपाटाच लावला. वायलीने २०२१मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर मोजून हिंदावी हा प्रकाशक विकत घेतला. त्याच्या विशेषांकांत अतिथी संपादक आणि रिव्ह्यूअर यांच्या आडून विकतचे, बनावट पेपर घुसले होते, असं पुढे आढळलं. २०२३ या एका वर्षात हिंदावीचे ८,०००हून अधिक पेपर मागे घेतले गेले आणि ते नावच बंद करण्याचा निर्णय झाला. मुख्य संपादक तेच, मंडळ तेच, आणि तरी पेपर स्वीकारणारी माणसं मात्र निराळीच. म्हणून विशेषांकासाठी निमंत्रण आलं, तर पहिल्या पानावरची यादी बघून भागत नाही. अतिथी संपादक कोण आहे आणि शेवटचा निर्णय त्याचा की जर्नलच्या संपादकांचा, हे विचारावं.

रिव्ह्यूअरने काय करावं?

तुम्ही एखाद्या पेपरची तपासणी स्वीकारली आणि पुढच्याच आठवड्यात त्या जर्नलच्या मंडळाने राजीनामे दिले, तर? हातात असलेला पेपर पूर्ण करून पाठवावा. लेखक त्या भांडणात नाही, आणि तो बहुधा आधीच महिनोन्‌महिने थांबलेला असतो. यानंतर येणाऱ्या विनंत्यांचं काय करायचं हा तुमचा प्रश्न. नाही म्हणायचं ठरवलंत तर मेलला उत्तर न देण्यापेक्षा तसा नकार कळवावा, म्हणजे पेपर लगेच दुसऱ्याकडे जाईल. नकाराचं कारण लिहायला बहुतेक ऑनलाइन प्रणालींत जागा दिलेली असते.